मोहरी, मिरी आणि पपनस : रंकाळ्याच्या काठावर सूर्यमाला मांडण्याची रीत

सूर्यमालेचे तक्ते आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. एका कोपऱ्यात पिवळ्या सूर्याचा तुकडा आणि त्याच्या पुढे रांगेत खेटून बसलेले आठ ग्रह, असे ते चित्र असते. माझ्या मुलीने त्या तक्त्याखालची सगळी अंतरे तोंडपाठ केली होती. एका रात्री गच्चीवर गुरू आणि शनी दोन्ही दिसत असताना मी तिला विचारले, की गुरूपासून शनी किती लांब असेल. ती चटकन म्हणाली, "बाबा, शेजारीच की!" तिला आकडे येत होते, पण त्या आकड्यांमधली मोकळी जागा तिने कधी पाहिलीच नव्हती. ती जागा पायांनी मोजावी म्हणून आम्ही सूर्यमाला जमिनीवर मांडायला घेतली. पुढे दिलेली रीत गेली काही वर्षे पेठेतल्या मुलांबरोबर करून पाहिलेली आहे. तिला लागणारे सामान स्वयंपाकघरात मिळते आणि दोन संध्याकाळी पुरतात.

पहिली पायरी : एकच माप धरणे

आकार आणि अंतर या दोहोंसाठी एकच माप वापरणे हा या मांडणीचा कणा आहे. तक्त्यात आकाराला एक आणि अंतराला दुसरेच माप असते, किंवा अंतराला मापच नसते, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. आपण १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर असे माप धरू. हे माप निवडण्याचे कारण म्हणजे त्यात आकडेमोड जवळजवळ करावीच लागत नाही. १ कोटी किलोमीटर म्हणजे १ मीटर होतो, त्यामुळे पृथ्वीचे सूर्यापासूनचे सरासरी १४ कोटी ९६ लाख किलोमीटर अंतर आपोआप १५ मीटर होते, आणि नेपच्यूनचे सुमारे ४५० कोटी किलोमीटर अंतर ४५० मीटर होते. एवढी जागा कोल्हापुरात सहज सापडते.

दुसरी पायरी : सामान जमवणे

सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या मापात १४ सेंटीमीटर. गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारे मध्यम आकाराचे पपनस नेमके एवढे भरते. पपनस मिळाले नाही, तर पुठ्ठ्यातून १४ सेंटीमीटर व्यासाची चकती कापून पिवळी रंगवावी. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे सव्वा मिलिमीटर. त्यासाठी बारीक मोहरीचा एक दाणा घ्यावा. शुक्राचा व्यास १२,१०४ किलोमीटर आहे, त्यामुळे त्याच वाटीतला किंचित लहान दाणा निवडावा. मंगळ ६,७७९ किलोमीटरचा आहे, त्याला खसखशीचा लहानसा दाणा शोभतो, आणि ४,८७९ किलोमीटरच्या बुधाला बारीक रव्याचा एक कण पुरतो.

इथून पुढे वस्तू एकदम मोठ्या होतात. गुरूचा विषुववृत्तीय व्यास १,४२,९८४ किलोमीटर आहे, म्हणून त्याच्यासाठी दीड सेंटीमीटरच्या आतली काचेची गोटी घ्यावी. शनीसाठी मोठा, भिजवलेला काबुली चणा चालतो. त्याचा व्यास १.२ सेंटीमीटर हवा. शनीची ठळक कडी दाखवण्यासाठी जाड कागदातून बाहेरून २.७ आणि आतून १.५ सेंटीमीटर व्यासाचे कडे कापून चण्याभोवती डिंकाने बसवावे. युरेनस आणि नेपच्यून हे दोघेही जवळपास ५ मिलिमीटरचे होतात, त्यामुळे मिरीचे दोन दाणे घेतले की काम झाले.

प्रत्येक दाणा पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवावा आणि खाली ग्रहाचे नाव लिहावे. ही पायरी टाळू नये. पहिल्या खेपेला आम्ही सुटे दाणे घेऊन गेलो होतो, आणि बुध वाऱ्याच्या पहिल्याच झुळकीबरोबर उडाला.

पृथ्वीच्या पुठ्ठ्यावर आणखी एक काम आहे. मोहरीपासून ३.८ सेंटीमीटरवर, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीवर, टोकदार पेन्सिलीने एक बारीक टिंब काढावे. तो आपला चंद्र. माणूस आजवर स्वतः जाऊन पोहोचला तो एवढ्या दोन बोटांपर्यंत, हे मुलांना पुठ्ठा हातात धरूनच सांगावे.

तिसरी पायरी : पाऊल मोजणे

चारशे मीटरचा टेप कोणाकडे नसतो, म्हणून पावलांनी मोजावे. तीस मीटरचे अंतर टेपने आखून घ्यावे, नेहमीच्या चालीने चालावे आणि पावले मोजावीत. मोठ्या माणसाचे एक पाऊल साधारण ७५ सेंटीमीटर भरते, म्हणजे तीस मीटरला चाळीस पावले होतात. मुलांची पावले अर्थात जास्त होतील. प्रत्येकाने स्वतःचा हिशेब वहीत लिहून ठेवावा. ७५ सेंटीमीटरच्या पावलाने सूर्यापासून बुध ८, शुक्र १४, पृथ्वी २०, मंगळ ३०, गुरू १०४, शनी १९१, युरेनस ३८३ आणि नेपच्यून ६०० पावलांवर येतो. या यादीत मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये जी उडी आहे, ती चालताना पायांना कळते.

चौथी पायरी : फुटबॉलच्या मैदानावर आतले ग्रह

कोल्हापुरात पेठेपेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि मैदानावरच्या पांढऱ्या रेषा इथल्या मुलांना घरच्या उंबऱ्यासारख्या ओळखीच्या असतात. आपले माप या रेषांशी इतके जुळते, की पहिली संध्याकाळ मैदानावरच घालवावी. पपनस गोलरेषेच्या मधोमध ठेवावे. गोलसमोरचा लहान चौकोन ५.५ मीटरवर संपतो. बुध त्या रेषेच्या किंचित पुढे, ५.८ मीटरवर येतो. पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर असतो आणि शुक्र १०.८ मीटरवर, म्हणजे शुक्र जवळजवळ त्या ठिपक्यावरच बसतो. मोठ्या चौकोनाची रेषा १६.५ मीटरवर आहे. १५ मीटरवरची पृथ्वी तिच्या दीड मीटर आत राहते. मंगळ २२.८ मीटरवर, चौकोनाच्या बाहेर. गुरू मात्र मधली रेषा ओलांडून ७८ मीटरवर, समोरच्या संघाच्या अर्ध्यात जातो. शनी मैदानात मावत नाही.

पृथ्वीच्या पुठ्ठ्याजवळ उभे राहून पपनसाकडे पाहावे. ते पौर्णिमेच्या चंद्राएवढे दिसते, आणि आकाशातला सूर्यही आपल्याला तेवढाच दिसतो. मांडणी बरोबर झाल्याची ही सगळ्यात चांगली खूण आहे. पडताळा चंद्राशीच घ्यावा. खऱ्या सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी टक लावून पाहू नये, आणि दुर्बीण तर त्या दिशेला चुकूनही नेऊ नये, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे.

आता शुक्राचा पुठ्ठा एका मुलाच्या हातात द्यावा आणि सूर्याभोवती १०.८ मीटरच्या वर्तुळात त्याला फिरवावे. त्यासाठी गोलच्या मागेही मोकळी जागा हवी. ती नसेल तर पपनस मैदानाच्या मध्यावर न्यावे. पृथ्वीवर उभ्या असलेल्या मुलाने त्याच्याकडे पाहत राहायचे. शुक्र सूर्याच्या डावीकडे जातो, उजवीकडे जातो, सूर्याच्या पुढून आणि मागून जातो, पण पाहणाऱ्याच्या पाठीमागे कधीही येत नाही. शुक्राची चांदणी मध्यरात्री डोक्यावर का दिसत नाही, याचे उत्तर मुलांना असे मान वळवून मिळते. शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त ४७ अंश दूर दिसतो आणि बुध २८ अंश. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते, म्हणजे शुक्र पाच मुठींच्या आत आणि बुध तीन मुठींच्या आत शोधायचा.

मंगळाचा मुलगा फिरू लागला की चित्र पालटते. तो पाहणाऱ्याच्या पाठीमागे येऊ शकतो, आणि तेव्हा तो पृथ्वीपासून साधारण ८ मीटरवर असतो. सूर्यापलीकडे गेला की ३८ मीटरवर जातो. हे अंतर जवळजवळ पाचपट बदलत असल्यामुळे मंगळ काही महिने तांबूस आणि ठळक दिसतो व नंतर साध्या ताऱ्यासारखा फिका पडतो. तो असा जवळ साधारण २६ महिन्यांनी येतो. पुढची खेप फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. भारताचे मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. मोहरीपासून खसखशीपर्यंतच्या त्या प्रवासाला दहा महिने लागले.

इथे थांबून शुक्र आणि पृथ्वीचे दाणे शेजारी धरून पाहावेत. आकारात फरक जवळपास नाही, तरी शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस आहे. बुध सूर्यापासून शुक्राच्या निम्म्याहून थोड्या जास्त अंतरावर असूनही त्याच्या दिवसाच्या बाजूला ते ४३० च्या आसपासच राहते. शुक्राचे वातावरण आपल्या हवेच्या ९० पटींहून अधिक दाबाचे आहे, त्यात सुमारे ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे, आणि तो आलेली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बुधावर धरून ठेवणारे वातावरणच नाही, म्हणून रात्री तिथे पारा शून्याखाली १८० अंशांपर्यंत उतरतो.

पाचवी पायरी : पृथ्वीचा कल किरणोत्सवातून समजून घेणे

मोहरीच्या दाण्याला कललेला आस दाखवता येत नाही, पण कोल्हापूरकरांना त्यासाठी वेगळ्या प्रतिकृतीची गरज नाही. अंबाबाईच्या पश्चिमाभिमुख मंदिरात ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत येतात. वर्षातून दोनदा आणि याच तारखांना का, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा.

पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे सूर्यास्ताची जागा वर्षभर क्षितिजावर सरकत राहते. २१-२२ डिसेंबरला ती सर्वांत दक्षिणेला पोहोचते आणि परत फिरते. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस होतात, आणि २१ डिसेंबरपासून ३१ जानेवारीपर्यंतही ४१ दिवसच. म्हणजे सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागी मावळला, उत्तरेकडे परतताना पुन्हा त्याच जागी मावळतो. मंदिर बांधणाऱ्यांनी क्षितिजावरची ती एक जागा नेमकी धरली आहे. मला स्वतःला सूर्यमालेबद्दलची ही कोल्हापुरातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

दुसरा पडताळा मे महिन्यात घ्यावा. कोल्हापूर १६.७ उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जमिनीत सरळ रोवलेल्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात असा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात.

सहावी पायरी : रंकाळ्याकाठी बाहेरचे ग्रह

दुसऱ्या संध्याकाळी रंकाळ्यावर यावे. काठची फिरण्याची वाट वाकत जाते, त्यामुळे सगळे ग्रह एका सरळ रेषेत येणार नाहीत. ते मुळात आकाशातही तसे नसतात, म्हणून मनाला लावून घेऊ नये. पपनस कठड्याच्या आतल्या बाजूला, लोकांच्या पायांत येणार नाही असे ठेवावे, प्रत्येक पुठ्ठ्याशी एकेक मूल उभे करावे आणि पावले मोजत निघावे. आतले चार ग्रह तीस पावलांत संपतात. पुढच्या चौऱ्याहत्तर पावलांत एकही ग्रह नाही. लघुग्रहांचा पट्टा याच टप्प्यात येतो, पण त्यातला सर्वांत मोठा असलेला सेरेस आपल्या मापात एक दशांश मिलिमीटरही भरत नाही.

गोटीपाशी पोहोचलात की थोडा वेळ थांबावे. गुरूचे वस्तुमान ३१८ पृथ्वींएवढे आहे, आणि एवढा मोठा असूनही तो स्वतःभोवती दहा तासांच्या आत एक फेरी मारतो. सूर्याभोवतीच्या फेरीला त्याला ११.८६ वर्षे लागतात. हा आकडा आपल्या जिल्ह्याला फार जुन्या काळापासून माहीत आहे. गुरू कन्या राशीत आला की नृसिंहवाडीला कन्यागत महापर्वकाळ भरतो. मागचा २०१६ मध्ये झाला आणि बारा वर्षांच्या हिशेबाने पुढचा २०२८ मध्ये येतो. कृष्णाकाठच्या या पर्वाचे चक्र म्हणजे गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी आहे.

शनीबाबतही तसेच आहे. त्याची फेरी सुमारे साडेएकोणतीस वर्षांची आहे. ती बारा राशींत वाटली की एका राशीला साधारण अडीच वर्षे येतात, आणि तीन राशींची होतात साडेसात. साडेसातीच्या भीतीशी माझे काही देणेघेणे नाही, पण तिच्यातला साडेसात हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या रात्री जागून केलेल्या निरीक्षणांतून आलेला आहे, याबद्दल मला आदर वाटतो. शनीची सरासरी घनता पाण्यापेक्षा कमी आहे. आपल्या कागदी कड्याची जाडी मात्र खरी नाही, कारण शनीची मुख्य कडी पावणेतीन लाख किलोमीटर रुंद पसरलेली असून बहुतेक ठिकाणी त्यांची जाडी काही दहा मीटरच आहे. एवढा पातळ कागद जगात कुठेही मिळणार नाही.

शनीनंतर चाल लांबते आणि मुले कुरकुरू लागतात. त्यांना कुरकुरू द्यावे. शनीपासून युरेनस अजून एकशे ब्याण्णव पावले, आणि तिथून नेपच्यून आणखी दोनशे सतरा. युरेनस विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ रोजी दुर्बिणीतून शोधला. तो आपल्या कक्षेत जवळजवळ आडवा होऊन फिरतो. त्याचा आस ९८ अंशांनी कललेला आहे. नेपच्यून आधी कागदावर सापडला. युरेनसच्या गतीतला फरक पाहून ल व्हेरिए याने गणिताने जागा सांगितली आणि २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनमध्ये योहान गाले याला तो त्या जागेच्या अगदी जवळ दिसला. सूर्याभोवती एका फेरीला त्याला जवळपास १६५ वर्षे लागतात, त्यामुळे शोध लागल्यापासूनची पहिली फेरी त्याने २०११ मध्ये पूर्ण केली.

सहाशेव्या पावलावर मिरीचा दाणा ठेवून मागे वळून पाहावे. ४५० मीटरवरचे पपनस आता एका ठिपक्याएवढे उरलेले असते, आणि पुष्कळांना ते दिसतच नाही. नेपच्यूनवरून खरा सूर्यही असाच, आपल्याला दिसतो त्याच्या तिसाव्या हिश्शाएवढ्या रुंदीचा दिसेल. प्लूटो मांडायचा असेल तर तो सरासरी ५९० मीटरवर, पाव मिलिमीटरच्या कणाएवढा येतो. २४ ऑगस्ट २००६ पासून त्याला बटुग्रह म्हणतात.

सातवी पायरी : उजेडाची चाल

परत सूर्यापाशी येऊन घड्याळ लावावे. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे आपल्या मापात सेकंदाला ३ सेंटीमीटर आणि दहा सेकंदांना एक फूट. एका मुलाने फूटपट्टी जमिनीवर टेकवून दर दहा सेकंदांनी ती एक घर पुढे सरकवत पृथ्वीपर्यंत जावे. ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. मुलांनी आजवर केलेल्या कामांत हे सर्वांत कंटाळवाणे असेल, पण 'प्रकाशाचा वेग अफाट आहे' या वाक्याखाली किती मोठे अंतर दडलेले आहे हे त्यातूनच कळते. नेपच्यूनपर्यंत याच चालीने चार तास दहा मिनिटे लागतील, म्हणून तो प्रयोग नुसता सांगून सोडावा. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, आपल्या मापात सुमारे ४,००० किलोमीटरवर येतो. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे.

आठवी पायरी : आकाशात ओळखणे

अंधार पडला की रंकाळ्याच्या शहराकडच्या काठावरून पाण्यापलीकडे पश्चिमेला पाहावे. शुक्र किंवा बुध संध्याकाळचा असेल तर तो याच बाजूला सापडतो. बाकीच्या ग्रहांसाठी घरातले पंचांग उघडावे. त्यात प्रत्येक ग्रहाची रास दिलेली असते, आणि सूर्याची रासही असते. एखादा ग्रह सूर्यापासून सातव्या राशीत असेल तर तो सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो आणि रात्रभर दिसतो. सूर्याच्याच राशीत असेल तर त्या महिन्यात त्याला शोधण्यात वेळ घालवू नये. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढगांचे राज्य असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ठळक ग्रहांना शहराचा उजेड आड येत नाही, पण युरेनससाठी पन्हाळ्यासारख्या अंधाऱ्या जागी दुर्बीण घेऊन जावे लागते. साध्या हातदुर्बिणीतूनही गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. गॅलिलिओने ते १६१० मध्ये पाहिले होते. दुर्बीण मात्र कठड्यावर टेकवून धरावी, हातात धरली की चंद्र थरथरतात.

नववी पायरी : ग्रह चालते ठेवणे

पुठ्ठे घरी नेऊन टाकून देऊ नयेत. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते, म्हणजे आपल्या मापात दिवसाला २६ सेंटीमीटर, वीतभराहून थोडी जास्त. बुध दिवसाला जवळपास हातभर, ४१ सेंटीमीटर सरकतो. गुरू सहा बोटे आणि नेपच्यून जेमतेम अडीच बोटे. पहिल्या दिवशी प्रत्येक पुठ्ठ्याच्या जागेची खूण आणि तारीख वहीत लिहून ठेवावी. दहा दिवसांनी त्याच जागी येऊन पृथ्वीची मोहरी तिच्या वर्तुळावर अडीच मीटर पुढे ठेवावी, बुधाचा कण चार मीटर, गुरूची गोटी मीटरभर, आणि मग सहाशे पावले चालत जाऊन नेपच्यूनची मिरी हातभर सरकवावी.